मंगळवार-शुक्रवारचा फ्यूज

सोमवार, २२ नोव्हेंबर १९३७

आज पाटी लागली. 'महिपत बाबू मयेकर, परवानाधारक विजेचे कंत्राटदार. सर्व कामे खात्रीशीर.' रंगाऱ्याने 'खात्रीशीर' जरा मोठेच काढले. गोदा म्हणाली, "एवढी खात्री होती तर गिरणीतली नोकरी टिकवायची होती." तिला सांगितले, मुंबईत तारा ओढणारे पैशाला पासरी, रत्नागिरीच्या बाजारात मी एकटा. वीज कंपनीचे इंजिन सुरू झाले, रस्त्याने खांब आले, पण खांबावरून घरात वीज घ्यायची तर सरकारी परवान्याचाच माणूस लागतो. तो परवाना काचेत घालून भिंतीवर टांगला आहे. गोदाने शेजारी गणपतीची तसबीर लावली. दोघांपैकी कोणावर तिचा जास्त भरवसा आहे ते मी विचारले नाही.

दुपारी आप्पा शेट्ये परवाना बघायला आले. तांदूळ, नारळ आणि मंगळुरी कौलांचा त्यांचा मोठा व्यापार. बाजारपेठेच्या खालच्या टोकाला पुढे दुकान, मागे घर. परवाना त्यांनी वाचला नाही, फक्त वरच्या शिक्क्यावरून बोट फिरवले आणि काम मला दिले. बाकीचे दुकानदार म्हणतात, आप्पांकडे नीट लागू दे, मग आम्ही बघू. म्हणजे माझे सगळे बस्तान आप्पांच्या दिव्यावर. तो लागला तर राहिलो, नाहीतर बोटीत बसून पुन्हा गिरणी.

बुधवार, १ डिसेंबर

चिरा हा फार मजेचा दगड आहे. वरून कडक आणि आत जाळीजाळी. लाकडी खुंटी ठोकावी तर भसाभस लाल भुगा येतो. डोके, कान, डबा, सगळे लाल. गोदा म्हणते, होळीला अजून अवकाश आहे.

जमिनीत अर्थिंगची नळी ठोकायला गेलो तर हातभर खाली कातळ. मुंबईच्या मातीत नळी सुरीसारखी जाते. इथे पहारीने कमरेइतकी कशीबशी उतरली. तार घट्ट बांधली. एवढे पुरे व्हावे.

घरात माणसे तीनच. आप्पा, त्यांच्या पत्नी दमयंतीवहिनी आणि धाकट्या भावाची बायको कमळाबाई. भाऊ शिवा तीन वर्षांपूर्वी स्वतःच्या गलबतातून मलबारला कौले आणायला गेला. वादळ झाले. गलबताची फळीसुद्धा मिळाली नाही. अशा माणसाची बारा वर्षे वाट बघायची रीत आहे, पण आप्पांनी गेल्या वर्षीच दर्भाचा पुतळा करून क्रिया उरकली. दुकानाच्या पाटीवर दोन भावांची नावे होती, तिथे आता एकच आहे. आप्पा मोठे टापटिपीचे. काही लोंबकळत ठेवत नाहीत.

कमळाबाईंनी आज मला दारामागून विचारले, "तारेतून वाहतं म्हणता, मग गळत का नाय?" या गावात मला हा प्रश्न पहिल्यांदाच कोणी विचारला. तार किती लांबून, कुठून कुठून येते, ते मी काम टाकून समजावत बसलो. म्हटले, गळते, फक्त दिसत नाही. ओल मिळाली की गळते.

सोमवार, ६ डिसेंबर

दिवा लागला!

मेन स्विचची लोखंडी पेटी मी माजघराच्या दाराशी बसवली आहे. बाजूला मूठ. मूठ वर ओढली की घरभर वीज. आप्पांना दिवसा वीज घरात नको, म्हणून रोज दिवेलागणीला कोणीतरी ती ओढायची. आता कोणी? आप्पांना दुकानात काम निघाले. दमयंतीवहिनींनी दोन्ही हात पदराखाली घेतले. मग आप्पा म्हणाले, "कमळे, तू ये गो पुढं. तुझं काय आता." कमळाबाई आल्या, हात पुसला आणि मूठ ओढली. दुकान, माजघर, पडवी एकदम उजळली. बाहेर रस्त्यावर माणसे जमली होती, त्यांनी हात जोडले. आप्पांनी जागच्या जागी ठरवले, रोज हिनेच ओढायची.

घरात एवढी एकच बाई धीट, असे मी कौतुकाने गोदाला सांगितले. ती भाकरी थापता थापता थांबली. "जिला देवापुढच्या समईला हात लावू देत नाहीत, तिच्या हातात सगळ्या घराचा दिवा दिला?"

मी म्हटले, "अगो, हा दिवा वेगळा."

"दिवेलागणीला लावायचा दिवा तो दिवा," ती म्हणाली. एकूण तिला विजेचे फारसे कळत नाही.

शनिवार, ११ डिसेंबर

काल शुक्रवारी आप्पांकडचा फ्यूज गेला. दिवे लागले, थोड्याच वेळात पेटीतून फट् असा आवाज आणि काळोख. मी धावत गेलो, तार बदलली, पुन्हा लागले. नवीन कामात असे एखाद्या वेळी होते.

बुधवार, १५ डिसेंबर

काल मंगळवारी पुन्हा. मधले सगळे दिवस ठीक. आज पेटी उघडून बघितली, तारा हातात घेऊन बघितल्या, कुठे काही नाही. खारी हवा म्हणावी तर ती रोजचीच. उंदीर म्हणावा तर तो वार बघून येत नाही. आप्पा चिडले आहेत, पण खरे सांगायचे तर मला मजा वाटते आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी या घरात असे काय होते?

विचारले. दमयंतीवहिनी त्या दोन्ही दिवशी संध्याकाळी भगवतीच्या दर्शनाला जातात. म्हणजे घरात एक माणूस कमीच. एक माणूस कमी असताना फ्यूज जातो, हे कुठल्याच पुस्तकात नाही.

शनिवार, १८ डिसेंबर

काल शुक्रवार. गेला!

आज पेटी पुरती खाली उतरवली. आत वरच्या फटीतून लाल पूड गेलेली, जराशी ओली. हा अर्थात चिऱ्याचा भुगा. भिंत अजून झडते आहे. त्यात कडेला पिवळा डाग आहे, तो पितळेच्या खिळ्यांचा असावा. आणि एक तगरीची पाकळी. म्हणजे उंदीर आहेच, देवघरातून फुले पळवून पेटीमागे घर करतो आहे. पेटीच्या मागे घर मात्र सापडले नाही.

कमळाबाई शेजारी उभ्या राहून सगळे बघत होत्या. एरवी शंभर प्रश्न विचारतात, आज एक नाही. मी पाकळी दाखवली आणि म्हटले, "हा बघा चोर." त्या आत निघून गेल्या. उंदराची भीती वाटत असेल.

कंपनीतून निरोप आहे. सात जानेवारीला सरकारी इन्स्पेक्टर येणार आणि पहिले काम म्हणून आप्पांचेच तपासणार. तेव्हा फ्यूज गेला तर परवान्याची काच तेवढी माझ्याकडे राहील. बाजारात आताच बोलू लागले आहेत. दोघा दुकानदारांनी आपापली ठरलेली कामे थांबवायला सांगितली. आज मजा वाटली नाही.

रविवार, १९ डिसेंबर

ती पूड कागदात बांधून आणली होती. गोदाला म्हटले, बघ, चिरा किती बारीक झडतो. तिने चिमटीत घेतली, हुंगली, मग माझ्याकडे टक लावून बघितले.

"मंगळवारी-शुक्रवारी, थोरली जाऊ घरात नसते तेव्हा?"

"हो."

"मग दिवा लागताना एकदा तिथे जाऊन उभे राहा. आणि काय दिसेल ते दिसेल, आप्पांच्या देखत तोंड उघडू नका."

अधिक सांगेना. पूड मात्र तिने चुलीत न टाकता तुळशीत टाकली.

मंगळवार, २१ डिसेंबर

दिवेलागणीच्या सुमारास तारा तपासायच्या निमित्ताने माजघराच्या दाराआड उभा राहिलो. आप्पा दुकानात गिऱ्हाइकांशी बोलत होते. कमळाबाई आल्या. हातात दमयंतीवहिनींचा करंडा. पेटीवर त्यांनी पाण्याची बोटे फिरवली, ओली हळद लावली, वर कुंकू, दोन तगरी वरच्या फटीशी टेकवल्या. मग तशाच ओल्या हाताने मूठ धरली आणि ओढली. दिवे लागले. त्यांचा हात थरथरला तो मला दिसला. त्यांनी मूठ सोडली नाही. डोळे मिटून जरा वेळ तशाच उभ्या.

कुठल्या चिऱ्याचा भुगा आणि कुठला उंदीर! मी गाढव आहे. धावत जाऊन कोरड्या लाकडाने मूठ खाली पाडली. अंधार झाला. दुकानातून आप्पा ओरडले, "गेला का हो पुन्हा?"

"मी बंद केला," म्हणालो. मग हळूच कमळाबाईंना विचारले, "हाताला काही लागतं का?"

"झिणझिण्या येतात," त्या खाली बघून म्हणाल्या. "पहिल्या शुक्रवारी वाटलं, कुणी हात धरला. तुम्ही म्हणाला होतात ना, तार लांबून येते, कुठून कुठून येते. म्हटलं, आहेत. पुतळा जाळला तो गवताचा. मंगळवारी-शुक्रवारी पूजा केली की येतात. एरवी नाय येत."

मी म्हटले, "कमळाबाई, ती वीज गळते. ओल मिळाली म्हणून. आणखी थोडी गळली असती तर तुम्ही जागच्या जागी गेला असतात."

"म्हणूनच तर माझ्याकडे दिली ना मूठ?" असे म्हणाल्या त्या. रागाने नव्हे. मी विचारलेल्या गोष्टीचे उत्तर द्यावे तसे.

'तुझं काय आता.' आप्पांचे ते शब्द मी स्वतःच्या हाताने इथे लिहून ठेवले होते, खाली शाबासकी देऊन. आज पान उलटून वाचले आणि लाज वाटली.

बुधवार, २२ डिसेंबर

वीज बंद ठेवली आहे. आप्पांना सांगितले, तपासणी होईपर्यंत मुठीला कोणी हात लावायचा नाही.

फ्यूज कुंकवाच्या पाण्याने जात होता हे खरे, पण पेटीच्या लोखंडाला झिणझिण्या याव्यात कशाला? त्यासाठीच अर्थिंग असते. पेटीत गळलेली वीज नळीवाटे जमिनीत जावी, माणसाच्या हातात नव्हे. नळीवर दिवा जोडून बघितला. विझत्या निखाऱ्यासारखा लागला. कातळ वाळला आहे, ओल नाही, वीज जाणार कुठे? काम माझे कच्चे. पेटीवर ओला हात कोणीही लावील, कोकणात पावसाळ्यात अख्खे घर ओले असते. हे मुंबईच्या हिशेबाने करायचे कामच नव्हते.

निघताना बघितले, दमयंतीवहिनींनी पडवीत कंदील लावला. कमळाबाई स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात तांदूळ निवडत होत्या. मला म्हणाल्या, "कायमचा बंद नका करू हो."

रविवार, २६ डिसेंबर

चार दिवस एकच विचार. आप्पांना खरे सांगितले तर माझी पाटी वाचते. बाजार म्हणेल, महिपतचे काम चोख होते, घरातल्या विधवेने कुंकू लावून बिघडवले. मग तिचे त्या घरात काय होईल ते सांगायला ज्योतिषी नको. आणि न सांगितले तर ती पुन्हा कुंकू लावणारच. मी तिच्या जागी असतो तर लावले असते.

गोदा म्हणाली, "तुमच्या परवान्याचा काही उपयोग होतो का बघा." ती सहज बोलली की मुद्दाम, माहीत नाही.

आज गेलो. आप्पांना सांगितले, दोष माझ्या अर्थिंगचा होता, पदरमोड करून बदलून देतो. आप्पांना आनंद झाला. ते आता सगळीकडे सांगणार. मग मी घसा साफ केला.

"आणखी एक आहे आप्पा. पेटीपासून हातभर लांब भिंतीत कोनाडा ठेवावा लागेल. पेटीची पूजा त्या कोनाड्यात करायची, पेटीवर नाही. कोरडी हळद, कोरडं कुंकू."

"पूजा? ही कुठली पूजा?"

"नियम आहे. आणि जो मूठ ओढील त्यानंच ती करायची. दुसऱ्यानं कोनाड्याला हात लावायचा नाही."

आप्पांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "मूठ ही ओढते. ही कुंकवाला हात लावणार? घरात काय म्हणतील, गावात काय म्हणतील हो?"

"मग मूठ दमयंतीवहिनी ओढू देत. किंवा तुम्ही. मला कोणीही चालेल, एकच माणूस पाहिजे."

दमयंतीवहिनी दारात होत्या. "मला नाय जमायचं बाबा!" म्हणून एक पाऊल मागे. आप्पांनी पेटीकडे बघितले, मूठ बघितली, स्वतःचा हात बघितला.

"सरकारचा नियम म्हणता?"

"सरकारचा."

"मग काय करणार," आप्पा म्हणाले.

कमळाबाई कुठे होत्या ते दिसले नाही. आतून येणारा तांदूळ पाखडण्याचा आवाज मात्र थांबला होता.

बुधवार, ५ जानेवारी १९३८

अर्थिंगला जागा सापडली! न्हाणीचे पाणी मागे अळवात जाते. तिथे बारमाही चिखल. कोळसा आणि मीठ घालून तांब्याचा पत्रा पुरला. दिवा जोडून बघितला, लख्ख. इथले प्रत्येक घर आपल्या अळवाला पाणी पाजते, म्हणजे प्रत्येक घरात जागा तयार आहे. हे मला कोणी शिकवले नव्हते, कोणी शिकवणारही नव्हते. अळवात उभा राहून एकटाच हसलो.

बाजारात मात्र पत गेली. मी दिसलो की एक वाणी म्हणतो, "खात्रीशीर, खात्रीशीर!"

शुक्रवार, ७ जानेवारी

इन्स्पेक्टरसाहेब संध्याकाळी आले. पुण्याकडचे, उंच, फार न बोलणारे. तारा बघितल्या, अळवातला पत्रा उकरून बघितला, 'हं' म्हणाले. मग कोनाडा दिसला. चिऱ्यात कोरलेला, आत करंडा.

"हे काय?"

मी बोलायच्या आत आप्पा म्हणाले, "पूजेचा कोनाडा साहेब. सरकारच्या नियमाप्रमाणे पेटीपासून हातभर लांब."

साहेब माझ्याकडे वळले. "नियम कितवा?"

मी खाली वाकून डब्यात पक्कड शोधू लागलो. तेवढ्यात दिवेलागण झाली. कमळाबाई आल्या. सगळ्यांसमोर कोनाड्यात कोरडी हळद वाहिली, कुंकू वाहिले, हात पुसला. साहेबांनी त्यांचे कपाळ बघितले, हातातला करंडा बघितला, आणि आप्पांच्या मागे लपलेल्या दमयंतीवहिनी बघितल्या. मूठ वर गेली. घर उजळले. पेटी गप्प.

"काम ठीक आहे," साहेब म्हणाले आणि सही केली. बाहेर पायरीवर चपला घालता घालता मला हलकेच म्हणाले, "पुढच्या घरात कोनाडा दीड हात लांब ठेवा." बस्स. मला त्यांच्या पाया पडावेसे वाटले.

आत आलो तर कमळाबाई अजून मुठीशी उभ्या, तळहात उलटापालटा करून बघत. "आज कुणी हात नाय धरला," त्या म्हणाल्या.

मी खोटा नियम सांगितला होता, पण हे खोटे सांगवेना. "आता झिणझिण्या कधीच येणार नाहीत. ती माझी चूक होती."

"म्हणजे तेव्हाही कुणी नव्हतं."

मी होकाराची मान हलवली. मला वाटले, मी या बाईचे जे काही एवढेसे होते तेही काढून घेतले. मग त्या एकदम म्हणाल्या, "मागच्या पडवीतला दिवा समुद्रावरून दिसतो का हो?"

मला माहीत नव्हते. त्या बाजूने मी कधी बघितलेच नव्हते.

शनिवार, ८ जानेवारी

संध्याकाळी मांडवीच्या किनाऱ्यावर गेलो. भागोजी खारवी होडी घेऊन निघत होता, त्याला म्हटले, जरा लांबवर ने आणि परत फीर. तो म्हणाला, "काय बघायचं हाय?" म्हटले, गाव.

लांब गेल्यावर वळून बघितले. किनाऱ्यावर कंदिलांचे पिवळे ठिपके, आहेत की नाहीत असे. आणि मग त्यांच्या जरा वर, बाजाराच्या टोकाला, एक पांढरा दिवा लागला. स्थिर. वाऱ्याने हलला नाही.

"शेट्यांकडचा तो," भागोजी म्हणाला. "आमी आता त्याच्यावरच होडी आणताव. मधी बंद होता ना, तवा लय चुकल्यागत झालं."

माझ्या डोळ्यांत पाणी आले. भागोजीला म्हटले, खारा वारा आहे.

तसाच आप्पांकडे गेलो. आप्पा जेवून हात धूत होते आणि पडवीतला दिवा मालवायला सांगत होते, उगीच कशाला जळतो म्हणून. मी दारातूनच म्हटले, "तो बंद करता येणार नाही आप्पा. समुद्राच्या बाजूचा दिवा उजाडेपर्यंत ठेवायचा, असा नियम आहे."

"हाही?"

"हाही."

आप्पा सरकारच्या नावाने काहीतरी पुटपुटत झोपायला गेले. कमळाबाई पडवीत उभ्या होत्या. म्हणालो, "दिसतो. भागोजी खारव्याला विचारा. होड्या त्याच्यावर घरी येतात."

त्यांनी दिव्याकडे बघितले, मग काळोखातल्या समुद्राकडे. मग माझ्याकडे वळून अगदी गंभीर तोंडाने विचारले, "नियम कितवा हो हा?"

आणि हसल्या. त्या घरात एवढे दिवस काम केले, पण त्यांना हसताना मी आज पहिल्यांदाच पाहिले.